सिम घेण्याआधी ऐक

अगं, मंडणगडची ऑर्डर आली, पेढे वाटून झाले, सामानाची यादीही झाली, आणि आता तू विचारतेयस, "ताई, तिकडे कुठलं सिम घेऊ?" बरं झालं निघण्याआधी विचारलंस. शाळा वाडीवर, खोली भाड्याची, आई-बाबा मुलुंडला. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची, पोषण आहाराची नोंद रोज करायची, पगाराचं खातं ओटीपीवर चालणार. रेंज नसली तर तुझं निम्मं काम अडेल, आणि संध्याकाळी आईचा फोन लागला नाही तर ती रात्रभर जागी राहील, ते वेगळंच.

कुणी मला सांगायला लागलं की अमुक कंपनी चांगली आणि तमुक टाकाऊ, तर मी विचारते, कुठे? आपल्या मुलुंडच्या घरात जी कंपनी भन्नाट चालते, ती मंडणगडच्या डोंगराआड मुकी निघू शकते. आणि जिला इथे कुणी विचारत नाही, तिचा टॉवर नेमका तुझ्या शाळेसमोरच्या टेकडीवर असू शकतो. देशात कुणाचे किती कोटी ग्राहक, जाहिरातीत कोण नाचतंय, याचा तुला काडीचा उपयोग नाही. तू झोपणार ती खोली, शिकवणार तो वर्ग आणि मधला रस्ता, इथे कुणाचा टॉवर पोचतो एवढंच बघायचं.

कोकणात हे जास्तच जपून बघावं लागतं. मोबाइलच्या लहरींना डोंगर ओलांडता येत नाही, त्यामुळे एका वळणावर फोन खणखणीत आणि पुढच्या वळणावर ठार बंद. त्यात जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाडजूड. सगळ्या लहरी सारख्याही नसतात. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झवाल्या लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झवाल्या नेट वेगाने देतात, पण भिंत आली की ढेपाळतात. म्हणून अंगणात फोन फाइव्ह जी दाखवतो आणि माजघरात गेलं की आवाज चिरकायला लागतो. खोली बघायला जाशील तेव्हा पाणी, कडी-कोयंडा बघशीलच. तसाच फोन हातात घेऊन आतल्या खोलीत जा, दार लाव आणि मला कॉल कर. घरमालकीण हसली तर हसू दे.

आता कंपन्यांचं. जिओकडे टूजी-थ्रीजी मुळातच नाही, २०१६ मध्ये सुरू झाली तीच फोरजीवर. फोनवरचं बोलणंसुद्धा नेटच्याच वाटेने जातं. फोरजी पोचतं तिथे आवाज छान. फोरजी नसेल तिथे खाली उतरायला पायरीच नाही. एअरटेल, व्हीआय म्हणजे जुने व्होडाफोन आणि आयडिया, आणि बीएसएनएल, यांचं टूजी अजून आहे. नेट रडत असलं तरी साधा कॉल टूजीवरून लागून जातो, आणि घाटातल्या रस्त्यावर ती सोय फार मोलाची. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीच्या यंत्रणेवर देशभर फोरजी सुरू केलं. बऱ्याच आडगावांत पहिला टॉवर त्यांचाच असतो, म्हणून त्यांना उडवून लावू नकोस. फक्त त्यांचं फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, आणि काही फोनना ७०० चा पट्टा कळतच नाही. तुझ्या फोनला तो चालतो का, हे फोनच्या माहितीत 'बँड २८' असं लिहिलंय का बघून कळेल. हे न बघता लोक कार्ड घेतात आणि टॉवरखाली उभं राहून कंपनीला शिव्या देतात.

ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी नियामक संस्था, तिच्या नव्या नियमांमुळे एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर नकाशा ठेवावा लागतो, कुठे टूजी, कुठे फोरजी, कुठे फाइव्ह जी. तो नक्की बघ. गावाचं नाव टाक, वाडीपर्यंत मोठा कर. पण त्यातला रंग मोकळ्यावरची रेंज सांगतो, बंद खोलीतली सांगत नाही. ज्या कंपनीचा रंग तुझ्या वाडीवर नाहीच तिला यादीतून काढायला नकाशा चांगला. जिचा रंग आहे ती चालेलच, हे मात्र त्यावरून ठरवू नकोस.

ते ठरवायला माणसं लागतात. वाडीत पोचलीस की किराणावाल्याला विचार, रिचार्ज सगळ्यात जास्त कुठल्या कंपनीचे मारतोस? तो चारही कंपन्यांचे मारतो, त्याला कुणाचं काही पडलेलं नसतं. आशाताईला विचार, तिला रात्री-बेरात्री फोन येतात. पोस्टमनला विचार, वायरमनला विचार. आणि त्यांना 'रेंज येते का' एवढंच विचारून थांबू नकोस, त्याला सगळे 'येते की' म्हणतात. 'पावसात लाइट गेली की किती वेळ टिकते?' हे विचार.

का ते सांगते. टॉवरलाही वीज लागते गं. लाइट गेली की तो बॅटरीवर चालतो, काही तासांनी बॅटरी संपते, मग जनरेटर असेल आणि कुणी त्यात डिझेल ओतलं तरच पुढे चालतो. जूनमध्ये झाडं तारांवर पडतात, घाटात दरड येते, डिझेलची गाडी वर चढत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडून आत घुसलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेबरोबर मोबाइलही गेले, आणि मुंबईतले चाकरमानी गावातल्या आई-वडिलांची खबर मिळावी म्हणून दिवसेंदिवस फोन लावत बसले होते. मंडणगड त्याच पट्ट्यातलं.

म्हणून माझं म्हणणं, सिम दोन घे, दोन वेगळ्या कंपन्यांची. हे तर सगळेच सांगतात. पण टॉवरचा सांगाडा बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचा असतो, आणि दोन-तीन मोबाइल कंपन्या त्यावर भाड्याने आपापली यंत्रं लावतात. तुझी दोन्ही सिमं एकाच सांगाड्यावरची असली तर डिझेल संपल्यावर दोन्ही एकदमच जातील, मग दुसऱ्या सिमचा रिचार्ज फुकट. तेव्हा दुसरं सिम वेगळ्या टॉवरवरचं हवं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आजूबाजूचे टॉवर आणि त्यांवर कोण आहे ते दिसतं. नाहीतर वायरमन सांगेलच. कुठल्या टेकडीवर कुणाचं काय, हे त्याला पाठ असतं.

फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नकोस. एकाच जागी एक फोन तीन काड्या दाखवतो, दुसरा दोन, कारण काड्या किती दाखवायच्या ते फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये, 'अबाउट फोन'च्या आत सिमच्या माहितीत मिळतो, डीबीएममध्ये. तो उणे असतो. फोरजीवर उणे ८५-९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम भागतं, उणे ११५ च्या पलीकडे गेला की कॉल तुटायला लागतात.

आणि आकडा चांगला असून नेट चालत नाही, असंही होईल. तेव्हा फोन बंद-चालू करत बसू नकोस. टॉवर तुझ्यापर्यंत पोचतोय, पण तो टॉवर पुढे ज्या वाटेने जोडलेला असतो ती अपुरी पडतेय, किंवा एकाच वेळी फार माणसं त्यावर आहेत. थांबा दाराशी असला तरी एसटी गच्च भरून आली तर तू वाडीतच राहतेस, तसंच. हे कळायचं तर संध्याकाळी सात ते नऊ बघायचं, जेव्हा सगळी वाडी मुंबईच्या लेकरांशी व्हिडिओवर बोलत असते. आणि गणपतीत बघ, सगळे चाकरमानी आले की. सकाळी अकराला स्पीड बघून खूश होणं काही खरं नाही.

हे सगळं होईपर्यंत जुना नंबर पोर्ट करायचा नाही. हे मी मोठी बहीण म्हणून बजावून सांगतेय. बँक, आधार, पीएफ, सगळं त्या नंबरवर आहे. आधी तिथल्या दोन कंपन्यांची साधी प्रीपेड कार्डं घे, सगळ्यात लहान प्लॅन मार, आणि महिनाभर वापर. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो म्हणून दुकानदार गळ्यात मारेल. पोर्ट केलंस की उरलेले पैसे बुडतात, कुणी परत देत नाही.

महिन्यानंतर जुना नंबरच तिथे चालवावासा वाटला तर मग पोर्ट. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून तुझा दहा आकडी नंबर, आणि १९०० ला एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल चुकतं हवं. सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस कोडच मिळत नाही, हा जुलै २०२४ पासूनचा नियम, लोकांचे नंबर चोरून खाती रिकामी करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेला. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, कामाचे तीन दिवस लागतात. पण तुझा नंबर मुंबई सर्कलचा, आणि मंडणगड महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. तिथे पोर्ट करशील तर पाच धर. पगाराच्या आठवड्यात हे करू नकोस. नवं सिम आलं की यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि तेवढ्यात घरभाडं थकलं तर पंचाईत. तो आठ अक्षरी कोड फक्त दुकानात, फॉर्म भरताना द्यायचा. 'मॅडम, कंपनीतून बोलतोय, कोड सांगा' असा फोन आला की ठेवून दे. कितीही गोड बोलला तरी.

सेवेचं म्हणशील तर सगळ्यांची हसतमुख सेवा कार्ड विकेपर्यंतच असते, असा माझा अनुभव आहे. एका कंपनीच्या बाईंनी माझी तक्रार पूर्ण ऐकून घेतली, 'नोंदवली हं' म्हणाल्या आणि तक्रारीचा नंबर न देताच फोन ठेवला. नंबर नाही म्हणजे तक्रार झालीच नाही. तेव्हा १९८ ला फोन कर, तक्रार क्रमांक माग, मिळेपर्यंत ठेवू नकोस, तारखेसकट वहीत लिही. काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्रं लिहून दमू नकोस. आणि पूर्ण जिल्ह्यात २४ तासांहून जास्त नेटवर्क गेलं तर प्रीपेडवाल्यांना मुदत वाढवून द्यायची आणि पोस्टपेडवाल्यांच्या बिलात सूट द्यायची, असा नियम आता आहे. वादळ-पावसासारख्या आपत्तीत तो लागू होत नाही, पण एरवी बोलून दाखवायला लाजू नकोस.

दोन गोष्टी तू एकटी राहणार म्हणून. फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसलं की घाबरू नकोस; तुझ्या कंपनीची रेंज नसली तरी जवळ कुठल्याही कंपनीचा टॉवर असेल तर ११२ त्यावरून लागू शकतो. आणि घरमालकांकडे किंवा शाळेत फायबरचं वायफाय असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करून ठेव. मग आतल्या खोलीत रेंज शून्य असली तरी साधा फोन वायफायवरून लागतो. आईला काही वेगळं करावं लागत नाही, ती नेहमीसारखा नंबर फिरवेल.

आईवरून आठवलं, तिचा बटणांचा फोन टूजीचा आहे. तुझ्या नादाने तिचं कार्ड जिओवर नेऊ नकोस, त्या फोनवर ते चालायचंच नाही. तिला नेट लागत नाही, तर तिच्यासाठी नुसतं बोलणं आणि एसएमएसचा रिचार्ज बघ. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना असे प्लॅन ठेवायला लावलेत, पण ते दुकानाच्या फलकावर दिसत नाहीत, मागून घ्यावे लागतात. ते काम मी या रविवारी करते. तू तिकडे पोचलीस की दोन्ही सिमांचे आकडे मला पाठव: आतल्या खोलीतला, खिडकीपाशी, वर्गातला आणि एसटी थांब्यावरचा, सकाळचा वेगळा आणि रात्री आठचा वेगळा. मग बसून ठरवू.