मुखरोग, शस्त्रवैद्य आणि आपलें भय

विद्यार्थिमित्रहो, आपल्या यावल तालुक्यांत एखाद्याचा हात मोडला तर तो त्याच दिवशीं दवाखान्याची वाट धरतो. परंतु तोंडांत व्रण झाला, दाढ सुजली अथवा तोंड पुरतें उघडेनासें झालें, तर तोच मनुष्य लवंग, हळद व तुरटी यांवर महिनेच्या महिने काढतो. कारण विचारलें असतां उत्तर बहुधा एकच मिळतें: "तेथें गेलें कीं कापतात." हें भय अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं; पण भय अज्ञानांत वाढतें, हेंही तितकेंच खरें. शस्त्रवैद्य काय करतो, कां करतो, आणि नंतर रोग्यानें कशाची अपेक्षा ठेवावी, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे पाऊल वेळेवर उचललें जातें. तें सांगावें, व तुमच्या मुखानें तें घरच्या वडील माणसांपर्यंत पोंचावें, एवढ्याकरितां हा लेख आहे.

मुखरोगांचा विचार आपल्या देशास नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत मुखरोग ६५ सांगितले असून ओठ, हिरड्या, दांत, जीभ, टाळू, कंठ व सर्व मुख अशीं त्यांचीं सात स्थानें मानलीं आहेत. इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाच्या एका गाडीवानाचें नाक टिपूच्या शिपायांनीं कापलें होतें. पुण्याजवळ एका देशी कारागिरानें त्याच्याच कपाळाच्या कातडीपासून त्यास नवें नाक करून दिलें. हा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत छापून आला, आणि पुढें यूरोपांतील शस्त्रवैद्यांनीं ती रीत उचलली. शरीराच्या एका भागाची कातडी दुसऱ्या भागाच्या उपयोगास आणण्याची ही युक्ति आज तोंडाच्या शस्त्रक्रियेंत नित्याची झाली आहे.

त्या काळीं एकच मोठी उणीव होती, ती म्हणजे वेदना थांबविण्याची. ती भरून निघण्यास एक दंतवैद्यच कारण झाला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगविलें, आणि डॉ. वॉरन यांनीं त्याच्या जबड्याखालील गांठीवर सर्वांसमक्ष शस्त्र चालविलें. पुढें १८८४ सालीं कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या योगें केवळ एक भाग बधिर करतां येतो हें दाखविलें, आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिग्नोकेन हें औषध तयार झालें. आज दाढ काढतांना जी सुई टोंचतात, तींत बहुधा हेंच औषध असतें. म्हणजे आपले आजे-पणजे ज्या वेदनेच्या गोष्टी सांगत, ती वेदना आतां राहिलेली नाहीं; तिची गोष्ट मात्र राहिली आहे.

प्रथम दाढ काढण्याचा विचार करूं. सुई टोंचतांना क्षणभर दुखतें. नंतर ओठ व जीभ जड होतात. दाढ हलवितांना दाब जाणवतो, कधीं कर्र असा आवाजही ऐकूं येतो, पण तीक्ष्ण वेदना होत नाहीं. झाल्यास हात वर करून डॉक्टरास सांगावें. ते आणखी औषध देतात. अक्कलदाढ आडवी रुतलेली असेल तर हिरडीस छेद देऊन, थोडें हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते व टांके घालतात. कापसाची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरावी. पहिले चोवीस तास थुंकूं नये, चूळ जोरानें भरूं नये, विडी ओढूं नये; कारण खळग्यांत गोठलेलें रक्त हेंच जखमेचें झांकण होय. तें निघालें तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं फार ठणका लागतो. गालावरची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसते व मग उतरते. तेव्हां ती पाहून घाबरूं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या आणि मऊ खिचडी, ताक व आपल्या बागेंतलें पिकलें केळें असा आहार ठेवावा. खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाच्या संवेदनेची नाडी जाते. म्हणून क्वचित् कांहीं आठवडे ओठ बधिर राहतो, आणि फारच थोड्यांचा तो कायमचा तसा राहतो. हें आधीं विचारून घेण्याचा रोग्यास हक्क आहे.

वरची दाढ काढल्यानें डोळे जातात, अशी समजूत आपल्याकडे घरोघर आहे. ती खोटी आहे. दांताची नाडी वेगळी व दृष्टीची नाडी वेगळी. उलट, किडलेल्या दाढेचा पू तसाच राहूं दिला तर तो गालांत, गळ्याखालीं, क्वचित् डोळ्याच्या खोबणीपर्यंतही पसरतो. गळ्याखालची सूज वाढून गिळतां येईना किंवा श्वास कोंडूं लागला, तर तें प्राणसंकट समजून रात्र असली तरी निघालें पाहिजे.

दुसरा प्रकार अपघाताचा. मोटारसायकलवरून पडून अथवा खेळतांना जबडा मोडतो. दांतावर दांत पूर्वीसारखा बसेनासा झाला, ही त्याची मुख्य खूण. पूर्वी वरचे व खालचे दांत तारेनें एकत्र बांधून चार ते सहा आठवडे पातळ पदार्थांवर ठेवीत. आजही कांहीं रोग्यांस तसें ठेवतात. परंतु पुष्कळदां टायटॅनियम धातूच्या बारीक पट्ट्या व स्क्रू बसवून हाड सांधतात, आणि रोगी लवकर तोंड उघडूं लागतो. पट्टी बहुधा तशीच राहूं देतात. खेळाडू विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी: पक्का दांत मुळासकट पडला तर तो मुळाशीं न धरतां वरच्या पांढऱ्या भागाशीं धरावा, घांसूं नये, दुधांत बुडवून ठेवावा, आणि एका तासाच्या आंत दंतवैद्याकडे पोंचावें. असा दांत पुन्हां बसविण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार जन्मजात दुभंगलेल्या ओठाचा व टाळूचा. गरोदर बाईनें ग्रहणांत कांहीं चिरलें म्हणून मूल असें झालें, असा दोष आजही बिचाऱ्या आईच्या माथीं मारला जातो. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळून येतांना हें व्यंग राहतें. ग्रहणाचा त्याशीं कांहींएक संबंध नाहीं. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत, व टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यांत करतात. टाळू उशिरां शिवली तर बोलणें नाकांतून येण्याची खोड जडते. म्हणून थांबण्यांत हित नाहीं. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथें झाला, आणि त्यांत या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडींत व शाळेंत येणाऱ्या तपासणी-पथकास असें मूल अवश्य दाखवावें.

आतां ज्या प्रकाराकरितां मुख्यतः लेखणी हातीं घेतली, त्याकडे वळूं. महाराष्ट्रांत २०१२ सालापासून गुटख्यास बंदी आहे, आणि २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकणें गुन्हा आहे. तथापि पुड्या विद्यार्थ्यांच्या खिशांत पोंचतात, आणि घरीं आजीच्या मशेरीच्या डबीस कोणी व्यसन म्हणतच नाहीं. सुपारी निरुपद्रवी आहे अशीही एक समजूत आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत निश्चितपणें गणलें आहे. सुपारीनें गालाच्या आंतील मऊ अस्तर चामड्यासारखें ताठ होतें. प्रथम तिखट सोसेनासें होतें. शेवभाजीचा घांस घेतांच तोंडाची आग होते. पुढें तोंड उघडणें कमी कमी होत जातें. निरोगी मनुष्याच्या तोंडांत त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं जातात. येथें दोन, मग एकच. मुंबईचे डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं या रोगाचें वर्णन केलें होतें. सुपारी सोडल्यानें रोगाची वाढ मंदावते. व्यायाम, औषधाच्या सुया व शस्त्रक्रिया यांनीं तोंड कांहींसें उघडतें. परंतु गेलेला मऊपणा पूर्णपणें परत येत नाहीं. शिवाय अशा तोंडांत पुढें कर्करोग होण्याचें भय अधिक असतें.

दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारणावांचून हलणारा दांत, मानेंतील गांठ, या खुणा दिसल्या कीं लगेच तपासून घ्यावें. डॉक्टर व्रणाचा एक लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यास पाठवितात. तुकडा काढल्यानें रोग पसरतो हें म्हणणें खोटें आहे; ज्यानें रोग वाढतो तो विलंब होय.

कर्करोग ठरला तर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. पूर्ण भूल देऊन रोगट भाग भोंवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढतात. रोग हाडास भिडला असेल तर जबड्याचा तुकडाही काढावा लागतो. मानेंतील ग्रंथि कां काढतात, असें रोग्याचे नातेवाईक विचारतात. त्याचें उत्तर मुंबईंतच मिळालें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं ५०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांचा रोग आरंभींचा होता. मानेंत गांठ नसतांही ज्यांच्या ग्रंथि पहिल्याच वेळीं काढल्या, त्यांपैकीं तीन वर्षांनंतर ८० टक्के जिवंत होते. गांठ येईपर्यंत वाट पाहिलेल्यांत हें प्रमाण ६७.५ टक्के होतें.

काढलेल्या जागीं मांडीची अथवा हाताची कातडी, छातीचा स्नायु, किंवा पायाचें बारीक हाड आणून बसवितात. रोगी जागा होतो तेव्हां नाकांतून अन्नाची नळी असते. ती कांहीं दिवस, क्वचित् कांहीं आठवडे राहते. पुष्कळदां श्वासाकरितां गळ्यास तात्पुरतें छिद्र असतें व तोंवर बोलतां येत नाहीं. अशा वेळीं उशाशीं पाटी-पेन्सिल ठेवावी. खांदा आंखडतो, उच्चार अस्पष्ट होतात. दोहोंस नित्य व्यायाम लागतो. रोग पुढें गेलेला असेल तर आणखी सुमारें सहा आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात, त्यांत तोंड कोरडें पडतें व सोलवटतें. हें सर्व कठीण आहे, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु लवकर आलेल्यास यांतील थोडेंच सोसावें लागतें, आणि उशिरां आलेल्यास सर्व सोसूनही पुष्कळदां यश येत नाहीं.

खर्चाच्या चिंतेनें कोणी घरीं बसूं नये. जळगांव व धुळें येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत; छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालय आहे; भुसावळाहून मुंबईस थेट आगगाडी आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा व किरणोपचाराचा समावेश असून, योजनेंतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नांवाचा सेवक कागदपत्रांविषयीं माहिती देतो.

पालकांनो, महिन्यांतून एक दिवस उजेडांत आरसा घेऊन घरांतील प्रत्येकाचें तोंड पाहावें आणि तीन बोटांची परीक्षा घ्यावी. खर्च कांहीं नाहीं, वेळ दोन मिनिटें. विद्यार्थ्यांनो, शरीर ही ईश्वरानें आपणांजवळ ठेवावयास दिलेली ठेव आहे. पुडी पुढें करणाऱ्या मित्रास "नको" म्हणण्यानें मैत्री तुटत नाहीं, आणि तुटलीच तर ती मैत्री नव्हती. आजच घरीं जाऊन आजीस प्रेमानें विचारा, "आजी, तोंड उघड पाहूं?" या एका प्रश्नानें तालुक्यांतील एखादा जरी प्राण वाचला, तरी या पानांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.