दही का लागले नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच दही लावले. घरात आठ दिवसांचे दही होते, तेच कोमट दुधात घातले. सकाळी पाहते तो काय, दही धड लागलेच नाही! आजी म्हणाली, "अगं, इरजण लई आंबलं हुतं. त्याच्यात जीव न्हाई राहिला."

जीव कसला? शाळेत बाईंना विचारले, तेव्हा उलगडा झाला.

विरजणात जिवंत जीवाणू असतात. दूध जीवाणूंमुळे आंबते, हे लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवले. हे जीवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दूध घट्ट होते.

आम्लपणा सामूने मोजतात. आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त. दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो, दह्याचा सुमारे ४.५. आकडा २ ने उतरला म्हणजे आम्लाचे कण १०० पट वाढले! दूध नासवणारे पुष्कळ जंतू यात तग धरत नाहीत. म्हणूनच दुधापेक्षा दही जास्त टिकते.

मग दह्याचे जीवाणू स्वतःच्याच आम्लात कसे जगतात? त्यांच्या आवरणात अतिशय बारीक पंप असतात. आत शिरलेले आम्लाचे कण हे पंप बाहेर फेकतात. दूध हळूहळू आंबते, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. काही जीवाणू पंप वाढवतात, काही आवरण बदलतात. थोडे आम्ल सोसलेला जीवाणू पुढे जास्त आम्लही सोसतो.

पण पंप फुकट चालत नाही. आपल्या कबनुरात मागाला वीज लागते, तशी पंपाला शक्ती लागते. ती साखरेतून मिळते. आम्ल फारच वाढले, की सगळी शक्ती पंपावरच खर्च होते. वाढायला काही उरत नाही. जीवाणू दुबळे होतात, पुष्कळ मरतात. आजीचे बोलणे खरेच होते!

करून पाहा : एकसारख्या दोन वाट्यांत तापवून कोमट केलेले दूध घ्या. एकीत कालचे दही एक चमचा घाला, दुसरीत आठ दिवसांचे तेवढेच घाला. दोन्ही झाकून शेजारी शेजारी ठेवा. कोणते आधी लागते ते वहीत लिहा.

पालकांना विनंती : आज रात्रीचे विरजण मुलांना लावू द्या. आणि उद्यासाठी चमचाभर ताजे दही बाजूला काढायला विसरू नका!

— इयत्ता सातवी