टांगून ठेवलेली ढोलकी



गेले काही रविवार मिस्सा संपली की देवळाच्या पायरीवर आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : "फादर, आपला ढोलकीवाला परत कधी बसणार?" प्रश्न प्रेमाचा आहे, यात शंका नाही. आगमनकाळ जवळ आला आहे, नाताळच्या भजनांचा सराव सुरू व्हायचा आहे आणि ढोलकी गायनमंडळाच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे. ज्याच्या हातात ती पंधरा वर्षे होती तो आपला भाऊ पाच महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला. दर रविवारी तो शेवटच्या बाकावर बसतो आणि भजन सुरू झाले की मान खाली घालतो. त्याचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. सोयगावात ते लिहिण्याची गरजही नाही. हा लेख छापायला देण्याआधी आम्ही त्याला वाचून दाखवला आणि दोन वाक्ये त्याच्या सांगण्यावरून काढून टाकली.

त्या प्रश्नाच्या पाठोपाठ जे बोलले जाते, त्यासाठी हा लेख लिहावा लागला. कोणी म्हणतो, "पिऊन काय वाजवायचा! आता तो हात राहिला नाही." दुसरा आवाज खाली आणून सुचवतो, "नाताळपुरती थोडी घेऊ द्या, फादर. पुन्हा सोडेल." बोलणारी माणसे वाईट नाहीत. पण दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे : नशेचे आणि कलेचे काही आतले नाते आहे आणि बाटली गेली की तिच्याबरोबर प्रतिभाही जाते. ही समजूत कितपत खरी आहे, ते आज तपासून पाहू.

समजूत आजची नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'आयॉन' नावाच्या संवादात असे मांडले की कवी शुद्धीत असताना नव्हे, तर अंगात दैवी संचार झाल्यावर रचना करतो. सेमिनरीत हा संवाद आम्ही मोठ्या उत्साहाने वाचला होता. प्लेटोचा संचार देवाकडून येतो, घागरीतून नव्हे, एवढी गोष्ट मात्र पुढच्या काळात सोयीस्करपणे विसरली गेली. त्याचाच शिष्य अॅरिस्टॉटल जमिनीवरचा माणूस. तो सांगतो की वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो, आणि लगेच पुढे जोडतो की वाईट वादकही वाजवूनच तयार होतात. हात जे रोज करतो तेच हाताचे होऊन बसते. आमच्या मते या प्रश्नाची अर्धी उकल इथेच आहे.

आता आपल्या ओळखीची उदाहरणे घेऊ. कुंदनलाल सैगल यांची गाणी आपल्यातल्या जुन्या मंडळींना पाठ आहेत. घोटभर घेतल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. संगीतकार नौशाद यांनी १९४६ च्या 'शाहजहान' चित्रपटाच्या वेळची एक आठवण पुढे अनेकदा सांगितली. त्यांनी सैगल यांना विनंती केली की एकदा न पिता गाऊन पाहा, मग हवे तर पिऊन गा. दोन्ही ध्वनिमुद्रणे झाली, दोन्ही ऐकवली गेली, आणि सैगल यांनी स्वतःच्या कानांनी न पिता गायलेले गाणे पसंत केले. म्हणजे जिच्या भरवशावर ते इतकी वर्षे माइकसमोर उभे राहिले, ती दारू गळ्याला काही देत नव्हती. ती फक्त श्रेय घेत होती. मात्र हे कळायला उशीर झाला होता. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते.

दुसरे उदाहरण पंडित भीमसेन जोशी यांचे. अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला हा मुलगा पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकला आणि त्याने पुणे ही आपली कर्मभूमी केली. एके काळी पंडितजी दारूच्या आहारी गेले होते, ही गोष्ट लपून राहिलेली नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती सोडली. त्यानंतर काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. गळा सुकला का? अभंगवाणी घरोघर पोचतच राहिली. १९८८ साली दूरदर्शनवर आलेले राष्ट्रीय एकात्मतेचे गीत त्यांच्याच आवाजाने सुरू होते. २००७ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, सवाई गंधर्व महोत्सवात ते पुन्हा गायला बसले. २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. दारू सोडल्यानंतरची गाण्याची वर्षे एखाद्या गायकाच्या सबंध कारकिर्दीएवढी भरतात.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर तरुण वाचक आम्हाला पकडतील. व्यसनाच्या काळातही मोठे संगीत झालेले आहे. भीमसेनजी त्या वर्षांतही भीमसेनजीच होते. अमेरिकेतला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हेरॉइनच्या विळख्यात असताना त्याने जॅझ संगीताची दिशा बदलली. पापी माणसाला गाता येत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तसे असते तर आपले गायनमंडळ कधीच बंद पडले असते. संत पौल रोमकरांना लिहिताना इस्राएलविषयी सांगतात की देव दिलेली देणगी परत घेत नाही. ती चिखलातही चमकते. पण फसगत नेमकी इथेच होते : चमक सोन्याची असते आणि लोक चिखल विकत घेतात. पार्करच्या मागे लागून कित्येक तरुण वादक हेरॉइन घेऊ लागले. तो स्वतः त्यांना सांगत असे की नशेत आपण अधिक चांगले वाजवतो असे म्हणणारा खोटे बोलतो. १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी तो वारला, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना तो पन्नाशी उलटलेला वाटला.

पण मग नशेत वाजवणे बरे का वाटते? दारू मेंदूवर उतरली की आधी भीती झोपते. चार लोकांसमोर बसायची लाज, चुकण्याची धास्ती, सगळे सैल होते. वादकाला वाटते, आज हात खुलला. त्याच वेळी चूक पारखणारा भागही झोपलेला असतो, म्हणून चूक झाली हेच त्याला कळत नाही. गांजामध्ये वेळेची जाणीवच लांबते किंवा आखडते. तालाच्या माणसाला याहून मोठा धोका कोणता?

आणखी एक गोष्ट मानसशास्त्रज्ञ सांगतात. आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते. माणूस ज्या अवस्थेत एखादी गोष्ट शिकतो, त्याच अवस्थेत ती त्याला सहज आठवते. वर्षानुवर्षे पिऊनच वाजवलेला ठेका शुद्धीत बसल्यावर चटकन हाताशी येत नाही. तो विसरलेला नसतो, पण त्याची वाट नव्याने पाडावी लागते. शिवाय व्यसनाने मेंदूतली आनंदाची यंत्रणा थकलेली असते. दारू सुटल्यावर कित्येक महिने जेवणाला चव नसते, झोप तुटक असते आणि आवडते गाणेही कोरडे वाटते. आपला भाऊ श्रावणात एकदा सरावाला आला होता. दोन भजने वाजवली, तिसऱ्यात सम चुकली, ढोलकी खुंटीला लावून तो निघून गेला. ज्यांनी पाहिले त्यांनी ठरवले, हात गेला. हात गेलेला नाही, बंधूंनो. पंधरा वर्षांत प्रथमच तो शुद्धीत वाजवत होता, म्हणजे एका अर्थाने त्याचा तो पहिला दिवस होता.

तिसरी अडचण त्याने स्वतः आम्हाला सांगितली. ढोलकीवर थाप पडली की घशाला कोरड पडते. वाद्य, रात्र, मांडव आणि बाटली ही त्याच्या शरीरात एकत्र गुंफली गेली आहेत. म्हणून सुरुवातीचे काही महिने वाद्यापासून लांब राहणे हा भित्रेपणा नव्हे. जॉन कोल्ट्रेन या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाला १९५७ साली हेरॉइनमुळे एका नामांकित ताफ्यातून काढून टाकण्यात आले. तो घरी परतला आणि व्यसन सोडून उभा राहिला. त्या वर्षी देवाच्या कृपेने आपल्याला आध्यात्मिक जागृती झाली, असे त्याने पुढे स्वतः लिहिले. त्या कृपेचे आभार मानणारी 'अ लव्ह सुप्रीम' ही चार भागांची रचना त्याने डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केली. मध्ये सात वर्षे गेली. आपण तर नाताळची घाई करतो आहोत.

आता बायबलकडे वळू. संगीत आणि आजारी मन म्हटले की आपल्याला दावीद आणि शौल आठवतात. दाविदाने वीणा वाजवली की शौल राजाला आराम पडे (१ शमुवेल १६). पण आपल्या प्रसंगाला स्तोत्र १३७ अधिक जवळचे आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान यहुदी रडत बसले आहेत आणि त्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगल्या आहेत. त्यांना गा म्हणून आग्रह कोण करते आहे? त्यांना कैद करून आणणारे! हे स्तोत्र आम्ही अनेकदा वाचले होते, पण पायरीवरचा तो प्रश्न ऐकून ऐकून ते या वर्षी प्रथम नीट कळले. कारण आपल्या भावाला कैदेत नेले कोणी? मांडवात, वरातीत, हळदीला "वादकांची सोय केली का?" असे विचारणारे आपणच होतो. बेंजो पार्टीची सुपारी ठरवताना रोख पैसे कमी आणि क्वार्टर वेगळी, हा हिशेब आपल्या ख्रिस्ती लग्नांतही झाला आहे. आम्ही स्वतः त्या मांडवांत जेवलो आहोत आणि गप्प बसलो आहोत. आता तर प्रकरण दारूवर थांबलेले नाही. संभाजीनगरात ज्यांना 'बटन' म्हणतात त्या गोळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खिशात सापडतात.

डब्लिन शहरातला मजूर मॅट टॅलबट याला ख्रिस्तसभेने १९७५ साली 'पूज्य' म्हणून घोषित केले. तरुणपणी तो पक्का दारुडा होता. एकदा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर वाजवणाऱ्या एका आंधळ्या माणसाचे फिडल चोरले आणि विकून दारू प्याली. १८८४ साली त्याने दारू सोडली आणि मग त्या आंधळ्या वादकाला शहरभर शोधले. तो सापडला नाही. तेव्हा फिडलच्या किमतीइतके पैसे मॅटने त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास दिले. आपला वादक तर शेवटच्या बाकावर बसला आहे. शोधायला कुठे जावे लागत नाही.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना थोडे व्यवहाराचे सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. आधी डॉक्टरांना दाखवा. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. डॉ. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवीत. कलेचे आणि शुद्धीचे जमते, याचा दाखला तिथल्या रुग्णांसमोर रोज असे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' काढले, त्यांचे केंद्र वसईतही आहे. सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. आम्हाला भेटायचे असेल तर मागच्या दाराने या, रात्री या. आम्ही कोणाला सांगणार नाही.

धर्मग्राम सल्लागार मंडळाशी बोलून दोन गोष्टी ठरल्या आहेत. लग्नाची नोंद करायला याल तेव्हा आम्ही एक जास्तीचा प्रश्न विचारू : वादकांना काय देणार? उत्तर फक्त रोख रकमेचे असावे. आणि गायनमंडळाचा सराव रात्री साडेआठऐवजी शनिवारी दुपारी चार वाजता, उजेडात होईल. कापूस वेचणीच्या दिवसांत ही वेळ गैरसोयीची आहे हे आम्ही जाणतो, तरी महिनाभर करून पाहू. या आठवड्याच्या समूह प्रार्थनेत स्तोत्र १३७ वाचावे. आपल्या घरच्या शेवटच्या कार्यक्रमात वादकांना काय दिले होते, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. मोठ्याने सांगायची सक्ती नाही.

नाताळला तो वाजवील की नाही, हे आम्ही त्याला विचारलेले नाही, कृपया तुम्हीही विचारू नका. परवा मात्र तो आपण होऊन गायनमंडळाच्या खोलीत आला. ढोलकी खाली काढली, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, पावसाळ्यात पुडी सैल पडली आहे, बदलावी लागेल. संभाजीनगरला नेऊन तो स्वतःच बदलून आणणार आहे. पैसे गायनमंडळाच्या डब्यातून दिले आहेत. तोवर टाळ आणि पेटीवर भागवून घेऊ.