आधी निवड, मग भट्टी

अगं, आषाढीला ३६ तास निर्जळी करणार म्हणालीस आणि कारण सांगितलंस ऑटोफॅजीचं. ये, बस जरा माझ्याजवळ. रागावणार नाही मी, पण समजावल्याशिवाय उठूही देणार नाही.

आपण जुन्या जालन्यातल्या मुली. आषाढीला आनंदी स्वामींची पालखी निघायची, आईचा उपास असायचा, म्हणून आपलाही. तो उपास भक्तीचा होता आणि तेवढं कारण त्याला पुरेसं होतं. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते उपासाच्या फायद्यासाठी नव्हे. पेशी आपलेच जुने भाग कसे मोडते, म्हणजे तुझी ती ऑटोफॅजी, त्यामागची जनुकं त्यांनी यीस्टमध्ये शोधली, म्हणून मिळालं. त्यांनी यीस्टला उपाशी ठेवलं होतं, हे खरं. पण यीस्ट कुठे आणि शुगरची गोळी घेणारी तू कुठे!

आपल्या एमआयडीसीत भंगाराचे ट्रक येतात ना? ते भंगार वितळवून सळई होते. पण आधी माल निवडावा लागतो. एखादा बंद डबा तसाच भट्टीत गेला तर स्फोट होतो. पेशीतही निवड असते. बिघडलेल्या भागावर बहुतेकदा युबिक्विटिन नावाच्या प्रथिनाची खूण लागते. ती ओळखून त्याभोवती पिशवी तयार होते, लायसोसोम नावाच्या पेशीतल्या भट्टीत त्याचे तुकडे होतात आणि ते पुन्हा कामी येतात. हीच निवडक ऑटोफॅजी.

पेशीला ऊर्जा देणारा मायटोकॉन्ड्रिया बिघडला, की पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिनं त्याच्यावर खूण करतात. त्यांच्या जनुकांत दोष असला तर कमी वयातच कंपवात होऊ शकतो. पेशीत शिरलेल्या टीबीच्या जंतूलाही ही यंत्रणा पकडू पाहते, आणि तो निसटायला बघतो. उलट कॅन्सरच्या काही गाठी याच यंत्रणेवर तग धरतात. म्हणून ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असं इथे चालत नाही.

आणि हे नीट ऐक. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या पेशींतली ही सफाई बंद केली. उंदीर उपाशी नव्हते, तरी पेशींत खराब प्रथिनांचे गोळे साचले आणि उंदरांच्या हालचाली बिघडल्या. म्हणजे ही झाडलोट भरल्या पोटीही रोज चालूच असते. तुझ्या शरीरातही ती चालू आहे, बाई.

तेव्हा एकादशीआधी डॉक्टरांना विचार. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक उतरते. गोळी आपल्या मनानं बंदही करू नकोस. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखर तोंडात टाक. व्रत मोडलं असं मनात आणू नकोस.

पालखीच्या दिवशी मी येतेच. डॉक्टर म्हणतील तेवढी भगर आणि शेंगदाण्याची आमटी तुला मी वाढीन, गोळीही वेळेवर हातावर ठेवीन. मग दोघी मिळून दर्शनाला जाऊ.