टर्मचे पैसे ‘बुडतात’ का?

प्रश्न : वय ३४, खासगी नोकरी, दोन लहान मुलं. टर्म इन्शुरन्सचे पैसे बुडतात, एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) घ्या, असं एजंट सांगतात. काय करावं?

उत्तर : आधी पॉलिसीचं नाव बाजूला ठेवून एकच आकडा काढा : तुमच्या पश्चात घर चालायला किती रक्कम लागेल? वर्षाला ५०,००० रुपये हप्त्याच्या एंडोमेंटमध्ये विमा रक्कम साधारण ५ ते १० लाखांच्या आसपास असते. म्हणजे घरखर्चाची जेमतेम एक-दोन वर्षं! त्याहून कमी हप्त्यात तुमच्या वयाच्या निरोगी माणसाला १ कोटीचा टर्म विमा मिळू शकतो. उरलेला प्रश्न परताव्याचा. २० वर्षं ५०,००० भरून अखेरीस १७ लाख ३६ हजार हाती आले, तर व्याजाचा दर पडतो ५ टक्के. ‘दहा लाखांचे सतरा लाख’ हे कानाला गोड लागतं, एवढंच. तीच रक्कम पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी २२ लाखांच्या पुढे जाते. अर्थात तो दर बदलू शकतो. टर्मचे पैसे बुडण्याचं म्हणाल, तर मुदतीअंती काही परत मिळत नाही हे खरं; पण गाडीचा विमा वापरावा लागला नाही म्हणून कुणी हळहळत नाही. सक्तीची बचत होते, हा मुद्दा मात्र खरा आहे. पण पीपीएफही १५ वर्षं पैसे अडकवतो, आणि एंडोमेंट सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेल्यातला मोठा भाग जातो.

टर्म घेताना तंबाखू, रक्तदाब, मधुमेह काहीही लपवू नका; फॉर्म स्वतः भरा. पटलं नाही, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.