पद्मिनीच्या स्प्रिंगा आणि चौथा घात

मशीन डिझाइनच्या पेपरसाठी हेलिकल स्प्रिंगचा फॉर्म्युला आपण सगळेच घोकतो, मार्क पदरात पाडून घेतो आणि विसरून जातो. हाच फॉर्म्युला जुन्या गाडीच्या कामी कसा येतो, ते या लेखात मांडतो आहे. इतर ब्रँचवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, गणित फार अवघड नाही.

गाडी आमच्या काकांची, खामगावातली, एमएच-२८ पासिंगची प्रीमियर पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. शिकायला मात्र ही गाडी उत्तम, कारण पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, म्हणजे सिलॅबसमधले दोन्ही प्रकार एकाच गाडीत!

काकांच्या गाडीचं नाक चार सेंटिमीटर खाली बसलं होतं. आजीला कंबरेच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा अकोल्याला न्यावं लागतं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि प्रत्येक खड्ड्यात पुढचं सस्पेन्शन रबरी स्टॉपरवर आपटायचं. गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळाले: एक, जाड तारेची स्प्रिंग टाका, दोन, वेटोळ्यांमध्ये रबराचा बफर अडकवा, तीन, दुसऱ्या गाडीची लांब स्प्रिंग आणून कापून बसवा. तिन्हींचा खर्च कमी होता. पण आजीच्या कंबरेचं काय होणार, हे कोणीच सांगत नव्हतं. म्हणून वही-पेन घेतलं.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ. तो असा काढतात: वर, स्टीलचा शिअर मॉड्युलस गुणिले तारेच्या व्यासाचा चौथा घात, खाली, ८ गुणिले कॉइलच्या सरासरी व्यासाचा घन गुणिले काम करणारी वेटोळी. आमची मापं गोल आकड्यांत अशी होती: तार १२ मिमी, कॉइलचा सरासरी व्यास १०० मिमी, काम करणारी वेटोळी ७. मॉड्युलस ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर कडकपणा येतो सुमारे २९.६ न्यूटन प्रति मिमी.

आता सल्ला क्रमांक एक. तार १२ ऐवजी १३ मिमी घेतली तर कडकपणा होतो ४०.८. वाढ फक्त एक मिलिमीटरची, पण कडकपणा ३८ टक्के जास्त! ही सगळी चौथ्या घाताची करामत. उलटही तितकंच खरं. गंजाने तार सगळीकडे ११.५ मिमी झाली तर स्प्रिंग १६ टक्के नरम पडते. म्हणून माप घेताना आधी वायर ब्रशने गंज काढायचा आणि मगच व्हर्नियर लावायचा.

पण स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, ती आर्मवर आतल्या बाजूला बसते. चाक १० मिमी उचललं की आमची स्प्रिंग ६ मिमी दबते. हे ०.६ चं गुणोत्तर बळालाही लागतं आणि अंतरालाही, म्हणून चाकापाशी मिळणारा कडकपणा ०.६ च्या वर्गाने कमी होतो, म्हणजे २९.६ चा १०.७. एका पुढच्या चाकावर बॉडीचं वजन २०० किलो धरलं, तर ते चाकाच्या जागी १८.४ सेंमी दबाव देतं. स्प्रिंग स्वतः ११ सेंमी दबते.

इथे एक सोपी युक्ती. ५ ला त्या दबावाच्या (सेंमीमधल्या) वर्गमुळाने भागा, की बॉडी सेकंदाला किती वेळा झुलेल ते मिळतं. आमचं उत्तर १.१७. साधारण १ ते १.५ च्या आत माणसाला बरं वाटतं. जाड स्प्रिंगने ते १.३७ होतं, म्हणजे अजून मर्यादेत, पण मूळपेक्षा १७ टक्के जास्त. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याला लाटा येतात. लाट १२ मीटरची आणि वेग ताशी ६० किमी असला, तर सेकंदाला १.३९ धक्के बसतात. म्हणजे जाड स्प्रिंग नेमकी रेझोनन्सच्या तोंडाशी! तेव्हा शॉकअब्सॉर्बरही जास्त ताकदीचे लागले असते, ते वेगळेच.

त्याहून मोठी भानगड उंचीची. जाड स्प्रिंग त्याच वजनाखाली ११ ऐवजी ८ सेंमीच दबते. मोकळी लांबी मूळ स्प्रिंगइतकीच ठेवली तर पुढचा भाग मूळ उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर वर जातो, चाकांचा कँबर बिघडतो आणि टायर एका बाजूने झिजतो.

सल्ला क्रमांक दोन आणि तीन एकाच जातीचे. बफर अडकवला की वेटोळं काम करेनासं होतं. ७ ची ६ झाली की कडकपणा १७ टक्के वाढतो. कापल्यानेही तेच होतं. त्यात गॅस कटरने कापलं तर उष्णतेने जवळच्या स्टीलचं पाणी जातं आणि स्प्रिंग तिथेच तुटायची भीती.

मग खरा दोष कुठे होता? जुनी स्प्रिंग मोकळी करून मोजली. एरवी ३४ सेंमी असायला हवी ती ३१.६ भरली. २.४ ला ०.६ ने भागा, बरोबर ४ सेंमी! म्हणजे स्प्रिंग नरम पडली नव्हती, वर्षानुवर्षांच्या ओझ्याने कायमची बसली होती. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. स्टीलचा मॉड्युलस वयाने बदलत नाही, लांबी मात्र जाते. म्हणून आम्ही तीच तार, तोच व्यास, तेवढीच वेटोळी आणि ३४ सेंमी मोकळी लांबी असलेल्या नव्या स्प्रिंगा घेतल्या. जोडीनेच घेतल्या, कारण एकच बदलली तर गाडी तिरकी उभी राहते. सोबत बुश बदलले आणि अलाइनमेंट केलं.

मागच्या पाट्यांना तोच विचार लावा. तिथे जाडीचा घन येतो: पाटा ६ ऐवजी ७ मिमीचा घेतला की कडकपणा ५९ टक्के वाढतो. पाच पाट्यांवर तेवढाच सहावा चढवला तर साधारण २० टक्के. डिकीत गॅसची टाकी असेल तर पाटा चढवण्यात अर्थ आहे, नाहीतर रिकामी गाडी उड्या मारते.

एक सूचना कळकळीची. ११ सेंमी दाबलेल्या या स्प्रिंगमध्ये सुमारे १८० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे १८ किलोचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढी. दोरी बांधून किंवा पहारीने स्प्रिंग काढू नका. कंप्रेसर वापरा आणि गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको.

तात्पर्य एवढंच: गाडी बसली म्हणजे कडक स्प्रिंग हवी असं नाही. आधी मोजा, लांबी गेली की कडकपणा गेला ते ठरवा, मगच खिशात हात घाला. होस्टेलवर कुणाच्या घरी जुनी जीप किंवा अँबेसेडर असेल, तर सुट्टीत व्हर्नियर घेऊन जा. अँबेसेडरवाल्यांनी पुढे कॉइल शोधत बसू नये, तिथे टॉर्शन बार आहे. त्याचं गणित मात्र तुम्ही करून आणा!