‘स्वर्गवासी’ आणि ‘ख्रिस्तवासी’

वर्तमानपत्रातील निधनवार्तांचा रकाना वाचताना आपल्या भाषेची एक लकब लक्षात येते. माणूस गेला, एवढे सांगून मराठीचे समाधान होत नाही. तो आता कुठे राहावयास गेला, हेही ती सांगते. कुणी कैलासवासी होतो, कुणी वैकुंठवासी, कुणी स्वर्गवासी. ‘पैगंबरवासी’ आणि ‘ख्रिस्तवासी’ हे शब्दही याच साच्यात घडले. त्यांपैकी पहिल्याचा विचार इस्लामच्या अभ्यासकाने करावा. मला दुसऱ्याविषयी लिहावयाचे आहे. कैलास, वैकुंठ, स्वर्ग ही स्थाने आहेत. ख्रिस्त हे स्थान नव्हे, ती व्यक्ती आहे. मग गेलेला माणूस एका व्यक्तीच्या ठायी वास करतो, म्हणजे काय? हा शब्द प्रथम वापरणाऱ्याने कदाचित रूढ साचाच उचलला असेल. पण ख्रिस्ती माणसाची स्वर्गाविषयीची श्रद्धा उलगडावयाची तर याहून चांगली किल्ली मला मराठीत सापडलेली नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. ही श्रद्धा खरी की खोटी, हा या लेखाचा विषयही नाही. ती नेमकी आहे तरी काय, एवढेच मला पाहावयाचे आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातील ख्रिस्ती स्वर्ग, म्हणजे ढगांची गादी, पाठीवर पांढरे पंख, हातात तंतुवाद्य, हा धर्मग्रंथापेक्षा व्यंगचित्रांतून आणि चित्रपटांतूनच अधिक आलेला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आपल्या परंपरेत स्वर्ग हे पुण्याचे फळ. पण ते कायमचे नव्हे. गाठीचे पुण्य सरले की जिवाला पुन्हा मृत्युलोकाची वाट धरावी लागते. ख्रिस्ती विचारात असे परतणे नाही आणि पुण्याचा हिशेबही तसा नाही. तेथील प्रवेश ही देवाची कृपा, कमाई नव्हे, असे तो धर्म मानतो. तेव्हा मराठीत ही कल्पना मांडणाऱ्या पहिल्या लेखकांपुढे मोठीच अडचण असली पाहिजे. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. त्यांनी ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला आहे. मला ही निवड मार्मिक वाटते. वैकुंठ हे जिथून परत यावे लागत नाही असे ठिकाण. शिवाय वैष्णवाला त्याची ओढ असते ती तेथील सुखापेक्षा तेथे जो आहे त्याच्यासाठी.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. बायबलच्या नव्या करारात या श्रद्धेचे दोन टप्पे दिसतात आणि ते एकमेकांत मिसळले की सारा गोंधळ होतो. पहिला टप्पा मृत्यूनंतर लगेचचा. येशूबरोबर क्रुसावर खिळलेल्या एका गुन्हेगाराने शेवटच्या घटकेला त्याची विनवणी केली, तेव्हा आजच तू माझ्यासोबत असशील, अशा अर्थाचे आश्वासन त्याला मिळाले. मराठी बायबलात त्या ठिकाणासाठी ‘सुखलोक’ असा शब्द आहे. पण वाक्याचा भर मला सुखलोकावर दिसत नाही, तो ‘सोबत’ या गोष्टीवर दिसतो. संत पौलानेही बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना, येथून सुटून ख्रिस्तापाशी असावे, एवढीच इच्छा व्यक्त केली आहे. तेथे तो कोणतेही वर्णन करीत नाही. ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो.

परंतु ख्रिस्ती श्रद्धा येथे थांबत नाही, आणि हेच आपल्याला सहसा ठाऊक नसते. दुसरा व अंतिम टप्पा पुनरुत्थानाचा. देह ही बेडी आणि आत्मा हा त्यातून सुटलेला पक्षी, हे चित्र आपल्याला परिचित आहे आणि ग्रीकांनाही ते होते. ख्रिस्ती मत मात्र असे की, शेवटी देहालाही नवे जीवन मिळेल. करिंथकरांना लिहिताना पौल त्यासाठी शेतातला दृष्टान्त देतो. पेरतो ते बी आणि उगवते ते रोप दिसावयास वेगळे, तरी ते त्याचेच असते. येशूच्या पुनरुत्थानाच्या कथाही याच अंगाने वाचाव्या लागतात. उठलेला येशू शिष्यांसमोर मासा खातो आणि त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच असतात. भोगलेले दुःख पुसले जात नाही, त्याचा डंख मात्र जातो, असा अर्थ मी त्यातून घेतो.

मग तेथील नातीगोती? हा प्रश्न येशूलाही विचारला गेला होता. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथीयांनी त्याला कोड्यात पकडण्यासाठी विचारले की, एकामागून एक मरण पावलेल्या सात भावांशी जिचे लग्न झाले, ती तेथे कोणाची पत्नी? त्याचे उत्तर असे की, तेथे लग्न करणे व लग्न करून देणे नसेल. स्त्री तेथे कोणाच्या नावावर नसेल, असाही याचा एक अर्थ होतो, आणि त्या काळाचा विचार करता तो लहान नाही.

अंतिम टप्प्याचे सर्वांत विस्तृत चित्र ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन सत्तेच्या छायेत, एजियन समुद्रातील पात्म बेटावर योहानाला झालेले हे दर्शन. त्यात माणसे वर जात नाहीत, नगरीच खाली उतरते! नवे आकाश आणि नवी पृथ्वी होते, आणि देव माणसांमध्ये वस्तीला येतो. मरण, शोक, रडणे संपते. नगरीला बारा वेशी आहेत आणि त्या कधी बंद होत नाहीत. राष्ट्रे आपापले वैभव घेऊन आत येतात. नदीकाठच्या जीवनवृक्षाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

या नगरीची मापे मला फार बोलकी वाटतात. तिची लांबी, रुंदी आणि उंची समान, प्रत्येकी सुमारे २,२०० किलोमीटर. नगर कधी घनाकृती असते काय? पण यरुशलेमच्या जुन्या मंदिरातील परमपवित्र गाभारा नेमका घनाकृती होता. वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. त्यात वर्षातून एकदा एकट्या प्रमुख याजकाला प्रवेश असे. योहानाच्या दर्शनात तो गाभाराच सगळ्या नगरीएवढा झाला आहे. म्हणूनच त्या नगरीत मंदिर नाही. जेथे सारेच गाभाऱ्यात उभे, तेथे वेगळे मंदिर कशाला? ज्या देशात गाभाऱ्याबाहेर थांबविलेल्यांचा इतिहास एवढा मोठा आहे, तेथील वाचकाला या मापांचा अर्थ अधिक सांगावयास नको.

सर्व ख्रिस्ती पंथांचे याबाबत एकमत आहे असे मात्र नाही. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ मध्ये प्रवचनांतून असे मांडले की, पुण्यात्म्यांनाही अंतिम न्यायापूर्वी देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. त्यावर मोठा वाद झाला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले, आणि त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये शुद्ध झालेल्यांना ते दर्शन लगेच लाभते असा निर्णय दिला. कॅथलिक लोक मृत्यूनंतरची शुद्धीची अवस्था मानतात. म्हणून २ नोव्हेंबरला वसई-मुंबईकडे दफनभूमीत मेणबत्त्या लागतात आणि मृतांसाठी प्रार्थना होते. प्रोटेस्टंट ही अवस्था मानत नाहीत. तरी मुख्य गाभ्यावर फारसा मतभेद नाही. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनीही स्पष्ट केले की, स्वर्ग म्हणजे ढगांतील जागा नव्हे, तर देवाशी असलेले जिवंत नाते होय.

मग आपल्यासारख्या इतरांचे काय? ख्रिस्तावर श्रद्धा असल्यावाचून तारण नाही, असे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ठामपणे मानतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मात्र असे मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. या प्रश्नाचे उत्तर पंथागणिक बदलते, हे नमूद केलेच पाहिजे.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करतो, कारण आपल्या वर्गांत तो हमखास निघतो. परलोकाची आशा दाखवून माणसाला इहलोकीचा अन्याय सोसावयास लावणे, हाच या कल्पनेचा उपयोग नव्हे काय? कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफूची उपमा दिली ती याच अर्थाने. तसा वापर झालाच नाही असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील मळेवाल्यांना गुलामांनी स्वर्गाची वाट पाहत गप्प बसणे सोयीचेच होते. पण त्याच गुलामांनी त्याच श्रद्धेचे काय केले तेही पाहावे. १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, ते आणि त्यांचे सोबती कनान देशाची गाणी गात, तेव्हा त्यांच्या मनातला कनान म्हणजे स्वर्गाबरोबरच उत्तरेकडचा मुक्त प्रदेशही होता. मालकाच्या कानी भजन पडे आणि गाणाऱ्याच्या मनात पळून जाण्याची वाट असे.

आपल्याकडेही याच वळणाचे एक उदाहरण आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास एक बंधुसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही त्यात जागा होती. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘देवाचा दरबार’. दरबार वर आकाशात आहे, असे समजून ते बसून राहिले नाहीत.

मला वाटते, आक्षेपाचे उत्तर त्या उतरत्या नगरीतच आहे. स्वर्ग म्हणजे पृथ्वी सोडून पळणे असेल, तर पृथ्वीची फिकीर कोणी कशाला करील? पण ज्याच्या श्रद्धेत देवच पृथ्वीवर वस्तीला येणार आहे, त्याला ती झाडूनपुसून ठेवावीच लागेल. निधनवार्तेतील ‘ख्रिस्तवासी’ या लहानशा शब्दात, गेलेले माणूस कुणाच्या सोबतीत आहे याचे समाधान आहे. मागे राहिलेल्यांनी ही पृथ्वी कशी ठेवावी, हा प्रश्नही त्याच श्रद्धेच्या पोटी आहे.